राजाच्या पंक्तीतील नित्याचे पान

शास्त्रपाठ : २ शमुवेल ९:१-१३



दरवर्षी ३ डिसेंबर हा दिवस जगभर अपंग व्यक्तींचा दिवस म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९२ साली तो नेमून दिला. त्याआधी १९८१ हे वर्ष आणि पुढे १९८३ ते १९९२ हे दशक त्यांच्यासाठी वाहिलेले होते. दशक सरले, पण काम सरले नाही. म्हणून दरवर्षी आठवण देणारा एक दिवस मागे राहिला. ख्रिस्ती मनुष्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही तारीख नेहमी आगमनकाळातच येते. येणाऱ्या राजासाठी वाट नीट करा, उंचसखल जागा सपाट करा, असा संदेश ज्या दिवसांत आपण ऐकतो, त्याच दिवसांत जग आपल्याला विचारते : तुमच्या मंदिराच्या दारापर्यंत चाकांच्या खुर्चीला वाट आहे काय?

असे दिवस नेमून काय साधते, असे कोणी म्हणेल. भाषणे होतात, शाली-श्रीफळ दिले जाते आणि दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत होते. ही तक्रार खोटी नाही. तरीही दिवस नेमणे व्यर्थ आहे असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. मनुष्य विसराळू आहे हे जाणून देवाने आपल्या लोकांना शब्बाथ दिला, वल्हांडण दिला. नेमलेला दिवस विस्मृतीला आळा घालतो. राज्यकर्त्यांनाही तो हिशेब देण्यास भाग पाडतो. सार्वजनिक इमारती व वाहने सर्वांना वापरता यावीत म्हणून सुगम्य भारत अभियान सुरू झाले ते ३ डिसेंबर २०१५ रोजी. महाराष्ट्र शासनाने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग उभारला, त्यासाठीही २०२२ सालचा हाच दिवस निवडला. १९९५ च्या कायद्याने ७ प्रकारचे अपंगत्व मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले आणि शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर नेल्या. २०११ च्या जनगणनेत देशातील अशा व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. एवढ्या लोकांची आठवण वर्षातून एकदा तरी व्हावी, हे उचितच आहे.

परंतु दिवस हे केवळ दार आहे. दाराच्या आत काय असावे, हे आपल्याला दावीद राजाच्या घरी पाहावयास मिळते.

मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना शौल व योनाथान युद्धात पडल्याची वार्ता आली. दाई त्याला उचलून पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. राजपुत्राचा तो पुत्र लो-दबार येथे परक्याच्या घरी वाढला. पुढे दावीद योनाथानाशी केलेला करार आठवून चौकशी करतो : शौलाच्या घराण्यातील कोणी उरला आहे काय? तेव्हा सेवक सीबा उत्तर देतो, की योनाथानाचा एक पुत्र आहे, तो दोन्ही पायांनी लंगडा आहे. सीबाने व्यंग सांगितले, नाव सांगितले नाही. राजाने मात्र, तो मनुष्य समोर येताच, त्याला नावाने हाक मारली. बंधुभगिनींनो, आपण पूर्वी अपंग म्हणत होतो, मग विकलांग म्हणू लागलो, आता दिव्यांग म्हणतो. शब्द सौम्य झाले, हे बरे झाले. पण आपल्या मंडळीतील त्या मुलीला आपण नावाने ओळखतो, की अजून 'ती आंधळी' म्हणूनच तिचा उल्लेख करतो?

दुसरी गोष्ट. दाविदाने त्याच्या हातावर भिक्षा ठेवली नाही. आजोबाची शेतजमीन त्याला परत दिली व ती कसण्याची व्यवस्था लावून दिली. जे त्याचे होते ते त्याला मिळाले. ह्यालाच शास्त्र न्याय म्हणते. दयेचे काम करणाऱ्याने आधी न्यायाचे देणे चुकते करावे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. मफीबोशेथ राजाच्या पंक्तीला नित्य जेवू लागला आणि दोन्ही पायांनी तो लंगडाच राहिला. अध्याय येथेच संपतो. त्याला बरे केले गेले नाही, तरी त्याचे पान रिकामे ठेवले गेले नाही. ज्यांना आपण वरचेवर सांगतो की तुमचा विश्वास उणा म्हणून तुम्ही बरे होत नाही, त्यांच्या मनावर केवढा धोंडा आपण ठेवतो! जन्मांध मनुष्याविषयी पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच मोडून काढला. आपण तो पुन्हा का विचारावा?

महाराष्ट्रातील ख्रिस्ती सेवेला या वाटेचा वारसा आहे. मुंबईत माझगावला १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरीन यांच्या प्रयत्नाने मूकबधिरांची शाळा उभी राहिली. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अॅना मिलर्ड यांनी १९०० साली अंधांसाठी शाळा सुरू केली. केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात दृष्टिहीन स्त्रियांना आसरा व शिक्षण मिळाले. त्यांच्यासाठी तेव्हा कोणताही शासकीय दिवस नव्हता. ख्रिस्ताची प्रीती हीच त्यांची दिनदर्शिका होती.

वारसा मोठ्या शहरांचा असला तरी कसोटी लहान गावांत लागते. मध्य प्रदेशात जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा घ्या, किंवा आपले स्वतःचे गाव घ्या. राजधानीत झालेला ठराव तिथवर पोहोचतो तो कागद म्हणून. त्याला हातपाय लाभतात ते शेजाऱ्याचे. मंदिराच्या तीन पायऱ्यांशेजारी उतार बांधण्यास शासनाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. पायांनी अधू असलेल्याच्या जागेपर्यंत प्रभुभोजन नेता येते. बहिऱ्या बंधूला वचन समोर लिहून देता येते. आणि अंध भगिनीला केवळ श्रोता न ठेवता प्रार्थना चालविण्यास सांगता येते. जे अवयव अधिक अशक्त दिसतात तेच आवश्यक आहेत, असे पौल करिंथकरांस शिकवतो. आवश्यक म्हणजे पाहुणा नव्हे. त्याच्यावाचून शरीर अपुरे आहे.

म्हणून येत्या ३ डिसेंबरला सत्कार अवश्य करा. पण ४ डिसेंबरची व्यवस्था आधी ठरवा. कोण त्यांना घरून आणील, कोण शेजारी बसेल, कोणते काम त्यांच्या हाती सोपविले जाईल? वर्षातून एकदा पान मांडणे हा सत्कार आहे. रोज पान मांडणे हे कुटुंब आहे.

प्रार्थना : हे प्रभू, तू आम्हांला आमच्या व्यंगांसह आपल्या पंक्तीला बसविलेस. ज्यांना आम्ही दाराबाहेर ठेवले त्यांची नावे आम्हांला शिकव, आणि आमच्यामध्ये त्यांचे स्थान नित्याचे कर. आमेन.