हरणाच्या छपराखाली

एखाद्या शांत जागी बसा. डोळे मिटले पाहिजेत असे नाही. नजर जमिनीवर सैल सोडलीत तरी चालेल. दोन-चार श्वास येऊ द्या, जाऊ द्या. आज लांब जायचे आहे, पण पोहोचायची घाई नाही.

इटलीच्या उत्तरेला तुरिन शहर आहे. तिथून दहाएक किलोमीटरवर स्टुपिनिजी नावाच्या ठिकाणी सव्हॉय घराण्याच्या राजांचा शिकारवाडा आहे. शहराकडून येणारा रस्ता इतका सरळ, की झाडांच्या दोन रांगांमधून वाडा फार लांबूनच दिसू लागतो. नोव्हेंबर महिना आहे असे समजा. पो नदीच्या खोऱ्यात या दिवसांत धुके उतरते. समोरचा वाडा आधी नुसता राखाडी आकार असतो, मग त्याला खिडक्या फुटतात, मग घुमट दिसतो. सावकाश चाला. पायाखाली ओली पाने आहेत, त्यांचा आवाज ऐका.

आता मान वर करा. घुमटाच्या टोकावर एक हरीण उभे आहे. आपल्या सांबराच्या कुळातला हा नर, डोक्यावर फांद्याफांद्यांची भरदार शिंगे. फ्रांचेस्को लादात्ते या शिल्पकाराने १७६६ मध्ये ते धातूत घडवले. आज वर दिसते ती प्रतिकृती; मूळ शिल्प वाऱ्यापावसापासून वाचवण्यासाठी आत आणून ठेवले आहे. जिवंत हरणाची शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने उगवतात. याची गळत नाहीत.

नजर थोडी खाली आणा. छपराच्या कडेने दगडी कलश मांडले आहेत. त्या कलशांवर कुत्र्यांची डोकी कोरलेली आहेत. शिकारी कुत्री. म्हणजे वर हरीण, आणि त्याच्या खाली, चहूबाजूंनी, त्याच्या मागावर सोडलेली कुत्री. बरेच जण हे न पाहताच दारातून आत जातात. तुम्ही थांबा. हरणाकडे पाहा, मग कुत्र्यांकडे, मग पुन्हा हरणाकडे. श्वास अडखळला तर अडखळू द्या. तो आपोआप पुन्हा लागतो.

हा वाडा बांधायचे ठरवले राजा व्हिट्टोरिओ अमेडेओ दुसरा याने, १७२९ मध्ये. आराखडा फिलिप्पो युव्हारा या वास्तुविशारदाचा. पुढच्याच वर्षी राजाने गादी सोडून मुलाला दिली. मग त्याला ती परत हवीशी वाटू लागली. १७३१ च्या सप्टेंबरात मुलाने बापाला कैद केले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला, शिकाऱ्यांचा पाठीराखा मानल्या जाणाऱ्या संत ह्यूबर्टच्या दिवशी, अजून पुऱ्या न झालेल्या या वाड्यातून पहिली शिकार निघाली. शिंगे वाजली असतील, कुत्री ओढ घेत असतील. ज्याने हे सारे मनात रेखले, तो तेव्हा पहाऱ्यात होता, आणि पुढच्या वर्षी पहाऱ्यातच वारला. या माणसाबद्दल काही ठरवू नका. त्याला थोडा वेळ मनात उभा राहू द्या.

आत या. मधले दालन लंबगोल आणि उंच आहे. त्याच्या मध्यावर उभे राहा. चार दिशांना तिरक्या फुलीसारख्या चार शाखा इथून निघतात. छतावर व्हालेरियानी बंधूंनी डायनाचा विजय रंगवला आहे. ही रोमन लोकांची शिकारीची देवता. रानातल्या जनावरांची राखणही तिच्याकडेच. दोन्ही कामे एकाच देवतेकडे का असावीत, हा प्रश्न मला फार वर्षे पुरला आहे. उत्तर काढायला बसू नका. भिंतींवर दिवे लावायला जे आधार आहेत, तेही हरणाच्या मुखाच्या आकाराचे, लाकडात कोरलेले. मेजवानीच्या रात्री मेणबत्त्यांचा उजेड या मुखांजवळून सगळ्या दालनावर पडत असेल. ज्याचा जीव घ्यायचा, त्याच्याच हाती दिवा.

आता बागेत चला. ही बाग १७४० पासून मिशेल बेनार या फ्रेंच माळ्याने फ्रेंच पद्धतीने आखली. मापात छाटलेली कुंपणे, गोल चौक, आणि त्यातून किरणांसारखे फुटणारे लांब, सरळ रस्ते. इथे आल्यावर जिवाला बरे वाटते. खांदे खाली येतात. ते तसे येऊ द्या.

मात्र हे रस्ते इतके सरळ का, तेही जाणून घ्या. आपल्याकडे हाका घालून सावज मचाणाकडे आणत. युरोपातल्या राजांची मानाची शिकार वेगळी होती. त्यात एकच नर हरीण निवडत, त्याच्यामागे कुत्री सोडत, आणि ते दमून उभे राहीपर्यंत घोड्यांवरून त्याचा पाठलाग करत. रानात वाट काढणारे हरीण दिसावे कसे? म्हणून रानातून सरळ रस्ते कापत. एका चौकात उभे राहिले की सगळ्या रस्त्यांवर नजर जाते. हरीण कुठेही रस्ता ओलांडताना दिसले, की घोडे तिकडे वळतात. आपल्याला ज्या रेषा शांत वाटतात, त्या पाठलागासाठी ओढलेल्या आहेत.

चौकात उभे राहा. एका रस्त्याकडे तोंड करून शेवटपर्यंत पाहा. मग हळूहळू वळून पुढचा रस्ता. मग पुढचा. ही शिकाऱ्याची नजर आहे, आणि ती आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एखादी गोष्ट हवी असली की मन असेच चौकात उभे राहते, आणि ती दिसली रे दिसली की धावत सुटते. दिवसभर आपण हेच करतो.

आता रस्ता सोडा. दोन पावले झाडांत जा. ओकच्या खोडाला तळहात टेकवा. साल खडबडीत आहे, गार आहे. इथून तोच रस्ता पाहा. इथून तो रिकामा, उजेडाचा, ओलांडायला कठीण असा पट्टा दिसतो. हरणाने तो असा पाहिला. अंगात जे काही हलते, छातीत किंवा पोटऱ्यांत, ते हलू द्या. इथे हवा तितका वेळ थांबा. या सगळ्या भेटीत मला ही जागा सर्वांत मोलाची वाटते.

संत ह्यूबर्टची गोष्टही इथेच आठवावी. तो शिकारीला गेला असता त्याला हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला, आणि तो शिकार सोडून देवाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. ज्याला हरणाने थांबवले, त्याच्याच नावाने शिकारीचा हंगाम सुरू करत.

आणखी एका जनावराला भेटायचे आहे. १८२७ मध्ये इजिप्तच्या मुहम्मद अलीने राजा कार्लो फेलिचे याला हत्ती भेट दिला. त्याचे नाव फ्रित्झ. तो आपल्याकडच्या जातीचा, भारतीय हत्ती होता. या वाड्याच्या आवारात, आल्प्सच्या गार वाऱ्यात, तो पाव शतक राहिला. लोक त्याला पाहायला येत. पुढे तो बिथरला, आवरेना, आणि १८५२ मध्ये त्याला मारून टाकले. त्याला मनात उभे करा. कान हलतात, सोंड जमीन हुंगते, आणि त्या जमिनीला ओळखीचा एकही वास नाही. त्याच्याजवळ काही बोलू नका. त्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास चालू द्या, तो आपल्यापेक्षा संथ आहे.

राजांच्या शिकारीसाठी राखलेली राने कधी कधी त्या राखण्यामुळेच पुढे टिकली. कोल्हापूरच्या छत्रपतींचे दाजीपूरचे शिकारीचे रान आज गव्यांसाठी ओळखले जाणारे अभयारण्य आहे. स्टुपिनिजीभोवतीचे रान १९९२ पासून संरक्षित आहे, आणि वाडा १९९७ पासून जागतिक वारशात. आता इथे शिंग वाजत नाही.

परत फिरायची वेळ झाली. हातपाय हलवा, बसल्या जागेचा आधार पुन्हा जाणवू द्या. निघण्याआधी एकदा मागे वळून घुमटाकडे पाहा. धुक्यात हरीण दिसेल किंवा दिसणार नाही. समोरचा रस्ता घोडे दौडवण्यासाठी केलेला आहे. तुम्ही चालत जा.