चुकलेला नेम
बंदुकीच्या खेळातला थरार नेम लागण्यापेक्षा नेम चुकण्यावर जास्त अवलंबून असतो. वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते. अशा कोणत्याही मोठ्या यात्रेत आढळणारा फुगे फोडण्याचा स्टॉल याचा साधा नमुना आहे. फळीवर ओळीने लावलेले फुगे, मोजून दिलेले छर्रे आणि नळी मोडून भरायची एअरगन, इतकाच सरंजाम. बंदूक बहुधा थोडी तिरपी मारते. पहिला छर्रा फुग्याच्या डावीकडे फळीत घुसतो, तिथे भोक दिसते, आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी माशी बोटभर उजवीकडे धरते. दोन छर्ऱ्यांत बंदुकीची खोड कळते. तिसऱ्याला फुटलेला फुगा स्वतःच्या अकलेने फुटलेला असतो. पण फुगे जागचे हलत नाहीत आणि उलट वारही करत नाहीत. खोड कळली की कंटाळा येऊ लागतो, आणि पुढचा खेळ मागे उभ्या राहिलेल्या मंडळींच्या शेरेबाजीवर तग धरतो.

पडद्यावरच्या बंदुकीला ही भोकाची सोय आयती मिळत नाही. निन्टेंडोचा ‘डक हंट’ 1984चा. नव्वदच्या दशकात तो स्वस्त नकली टीव्ही गेमसोबत भारतातल्या घरांत पोचला. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत बसवलेल्या प्रकाशसंवेदी भागाला तो उजेड दिसला तर बदक पडते. गोळी बदकाच्या वरून गेली की खालून, हे बंदुकीलाच ठाऊक नसते, तर ती खेळणाऱ्याला काय सांगणार? त्याच्या वाट्याला येते ते फक्त पडद्यावरच्या शिकारी कुत्र्याचे हसणे.

आर्केडमधल्या बंदुकांनी यावर तोड काढली. जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्र वरून खाली, ओळीओळीने उमटते. हे चित्र रेखणारा किरण बंदुकीसमोरून नेमका केव्हा गेला हे मोजून नळी कुठे रोखली आहे ते यंत्र ठरवते. जागा कळल्यामुळे चुकलेली गोळीही दाखवता येते: काच फुटते, भिंतीवर खूण राहते.

मात्र दिसणारी चूक पुरेशी नाही; समोरून उत्तरही यावे लागते. सेगाच्या ‘व्हर्चुआ कॉप’मध्ये (1994) गुंडाभोवतीचे वर्तुळ हिरव्याचे पिवळे आणि पिवळ्याचे लाल होते, मग गोळी येते. किती वेळ उरला हे दिसत असल्याने आधी कोणाला टिपायचे हा निर्णय खेळणाऱ्याचा होतो. नामकोच्या ‘टाइम क्रायसिस’ने (1995) त्यात पेडलची भर घातली. पेडल दाबले की उठून गोळीबार. सोडले की आडोसा, आणि तिथेच बंदूक भरते. घड्याळ मात्र थांबत नाही. जीव वाचवायचा तर वेळ जातो, वेळ वाचवायचा तर जीव धोक्यात येतो. इतकी सोपी आणि इतकी हुशार युक्ती या प्रकारात क्वचितच दिसते. चाप न ओढण्यातही ताण असू शकतो: सेगाच्याच ‘हाऊस ऑफ द डेड’मध्ये संकटातल्या माणसांना आपली गोळी लागू न देता वाचवले की नाही यावर काही ठिकाणी पुढची वाट बदलते.

नीरस खेळांत नेमके हेच हरवते. गोळ्या अमर्याद असल्या आणि चाप दाबून धरताच धार लागली की नेमाची किंमत उरत नाही. पडद्यावर सतत फिरणारा लाल ठिपका दिसत राहिला तरी तोच परिणाम. टप्प्याच्या शेवटी येणारा, गोळ्यामागून गोळ्या खाऊनही न ढळणारा धिप्पाड शत्रू तर निव्वळ मनगटाची हमाली.

राहता राहिला पैसा. मॉलमधल्या यंत्राला कमाई हवी असते, म्हणून मेल्यावर पुन्हा पैसे भरले की खेळ बहुधा तिथूनच पुढे सुरू होतो. चूक विकत भरून काढता आली की तिची भीती जाते. त्यातच काही हल्ले मुळात चुकवता येणारच नाहीत असे रचलेले असतात, आणि ही लबाडी खेळणाऱ्याला लवकर कळते. मुरलेले खेळाडू म्हणून एकाच नाण्यात शेवट गाठण्याची अट स्वतःवर घालून घेतात. यंत्र ती घालत नाही.