अद्भुताचा पत्ता

कल्पनेत रमणारा माणूस जमिनीला पाठ फिरवतो, असा आपल्याकडे पक्का समज आहे, आणि कलावंताच्या बाबतीत तो अधिकच पक्का. बोलणारी झाडे, वनदेवता, मेंढरे राखणारे देव यांच्यात ज्याचे मन गुंतले त्याला पावसाची, कर्जाची, शेजाऱ्याची फिकीर कशाला असेल, असे विचारले जाते. गेल्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत निसर्गपूजक पेगन अध्यात्माची नवी लाट आली, तिच्याकडे आणि त्याच काळात बहरलेल्या अद्भुतकथांकडेही अनेकांनी याच नजरेने पाहिले. मला हा आरोप सरसकट खोटा वाटत नाही. तो नको तिथे लावला जातो, एवढेच. अद्भुत कलावंताला जगापासून तोडते की जगाशी बांधते, हे त्या अद्भुताला गावाचा, माळाचा, नदीचा पत्ता आहे की नाही यावर ठरते. हे तपासायला ऑक्सफर्डपेक्षा सांगोला बरा. माण नदीच्या काठचा, पर्जन्यछायेतला, माणदेशात मोडणारा हा तालुका. इथे पोथीबाहेरचे देव कधी हद्दपार झालेच नाहीत, त्यामुळे त्यांना पुन्हा शोधून आणण्याची पाळीही कोणावर आली नाही.

युरोपात ती आली. जेराल्ड गार्डनरने १९५४ साली आपल्या पुस्तकातून चेटूकविद्येचा प्राचीन धर्म अजून गुप्तपणे जिवंत असल्याचे जाहीर केले. पुढे रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९९च्या ग्रंथात दाखवून दिले की हा धर्म बव्हंशी आधुनिक रचना आहे, कवींच्या ओळींतून, लोककथांच्या संग्रहांतून आणि गुप्त मंडळांच्या विधींतून जुळवलेली. मला यात फसवणूक दिसत नाही. उलट कलेने धर्म घडवल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणार नाही. पण त्याची एक मर्यादा आहे. जे आपण निवडतो ते आपल्याला सोडताही येते. आज अमावास्येला दिवा लावणारा आणि उद्या कंटाळून थांबणारा कलावंत कोणाचे काही देणे लागत नाही. टॉल्किनने १९३९ सालच्या व्याख्यानात परीकथेचे समर्थन करताना कलावंत दुय्यम जग निर्माण करतो असे मांडले. तो स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होता, हे त्याचे चाहते पुष्कळदा विसरतात. त्याच्या जगाला नकाशा आहे, भाषा आहेत, वंशावळी आहेत. नाही ती फक्त एकच गोष्ट: त्या नकाशावरच्या ओढ्याला पाणी आले नाही म्हणून कोणाची जनावरे मरत नाहीत.

बिरोबाच्या ओव्यांत मरतात. सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, जत या पट्ट्यात धनगर समाजाची वस्ती मोठी, आणि बिरोबा, म्हस्कोबा, धुळोबा, खंडोबा ही त्यांची दैवते. देव म्हणजे बहुतेक ठिकाणी अनघड तांदळा, वर भंडारा. त्याचे ठाणे गावाच्या मध्यावर असेलच असे नाही, माळावर किंवा बनात असते. कवठेमहांकाळ तालुक्यातले आरेवाडीचे ठाणे तर बिरोबाचे बन म्हणूनच ओळखले जाते. झाडोरा विरळ असलेल्या मुलखात देवाने बन धरून बसावे, यातच एक विचार आहे. या देवांच्या कथा रात्रभर गायिल्या जातात. गुंथर सोन्थायमर हा जर्मन अभ्यासक धनगरांबरोबर हिंडला, त्यांच्या ओव्या त्याने ध्वनिमुद्रित केल्या, आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा त्याचा जर्मन ग्रंथ आला. १९८९ साली अॅन फेल्डहाउस यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. या ओव्यांतली अद्भुत घडामोड थक्क करणारी असते. पण त्याहून थक्क करते ती तिच्याभोवतीची काटेकोर माहिती. कळप कोणत्या खिंडीतून उतरला, मुक्काम कुठे पडला, पाणी कुठे आटले, कोणत्या गावच्या पाटलाने बसायला जागा दिली, हे सगळे नावानिशी येते. देव अशक्य ते करतो, पण ते तो अमुक माळावर करतो. गायक स्वतः त्या वाटेने मेंढरे घेऊन गेलेला असतो आणि ऐकणारेही; गावाचे नाव चुकले तर कोणीतरी टोकणारच. माझ्या मते कल्पनेला शिस्त लावायला याहून कडक संपादक कोणत्याच मासिकाकडे नाही.

या ओवीच्या रचनेत आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मुद्द्यासाठी ती सर्वांत मोलाची. गाणे थोडा वेळ चालते, साथीदार ओळी झेलतात, मग गाणे थांबते आणि गायलेला भाग साध्या बोलण्यात उलगडून सांगितला जातो. याला सपादणी म्हणतात. म्हणजे आधी सुरात चमत्कार आणि मागोमाग गद्यात त्याचा हिशेब: कोण कुठून आला, का रागावला, मग काय झाले. कल्पना आणि बुद्धी यांचे वैर असते असे मानणाऱ्याने ही रात्र एकदा ऐकावी. इथे ती दोघे आळीपाळीने एकाच तोंडून बोलतात.

देव कसा आहे यावरून तो रचणाऱ्याची दृष्टी कळते. खंडोबाला म्हाळसा असताना बाणाई या धनगर मुलीची ओढ लागते. तो वेष पालटून चंदनपुरीला तिच्या घरी चाकरीला राहतो, मेंढरे धुवायला नेतो, ती मारतो आणि लग्नाच्या बोलीवर पुन्हा जिवंत करतो. आता हा प्रसंग नुसता चमत्कार म्हणून वाचला तर बालिश वाटेल. पण मेंढपाळाचे सगळे भांडवल म्हणजे कळप, आणि रोगाने किंवा अवकाळी पावसाने एका रात्रीत कळप बसण्याची भीती त्याला आयुष्यभर असते. कथेने ती भीती पुरती घडवून आणली आणि मग उलटवली. शिवाय देवाला हलक्या कामाच्या चाकरीला लावले. जो कलावंत लहानपणापासून असा देव ऐकतो, त्याला श्रम हा विषय मुद्दाम निवडावा लागत नाही आणि जनावर हे पार्श्वभूमीचे चित्र वाटत नाही. मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला दिवाळीच्या अमावास्येच्या रात्री महालिंगरायाच्या शिखराला शंकर-पार्वती मुंडासे बांधतात अशी श्रद्धा आहे. ते कसे बांधले गेले यावरून लोक पुढच्या पावसापाण्याचा अंदाज बांधतात. अंदाज खरा ठरतो का, हा प्रश्न रास्तच आहे. मला मात्र त्यात दिसतो तो हजारो माणसांचा जमाव, जो एका कापडाच्या वळणांकडे डोळे लावून त्यांचा अर्थ लावतो. इतका एकाग्र प्रेक्षक आपल्या कलादालनांच्या नशिबी क्वचित येतो.

सांगोल्याजवळ दुसरेही अद्भुत पिकले, पोथीचे. याच तालुक्यातल्या नाझऱ्याचे श्रीधरस्वामी (१६५८–१७२९) हे हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप आणि शिवलीलामृताचे कर्ते. शिवलीलामृत १७१८ साली बारामतीला पुरे झाले आणि त्याचा आधार आहे स्कंदपुराण. अकराव्या अध्यायात महानंदा या वारांगनेने रुद्राक्ष बांधलेले माकड आणि कोंबडा आगीत मरतात आणि राजपुत्र व प्रधानपुत्र होऊन जन्माला येतात. मराठी घराघरांत, विशेषतः बायकांनी, हा अध्याय शतकानुशतके वाचला. त्याची प्रासादिकता निर्विवाद आहे. तरीही बिरोबाची ओवी आणि श्रीधरांची ओवी शेजारी ठेवली की फरक जाणवतो. श्रीधरांच्या कथांना काश्मीरची राजधानी चालते, नंदिग्राम चालते. माणेचे पात्र त्यांना अडत नाही. पुण्याचा हिशेब सार्वत्रिक आहे, त्यामुळे गाव कोणतेही असो. दोन्ही कल्पना मोठ्या, पण कलावंताला त्या वेगवेगळ्या गोष्टी शिकवतात. पहिली सांगते की हा खडक, हा लिंब, ही विहीर यांचा तुझ्यावर हक्क आहे. दुसरी सांगते की सगळीच जागा परमेश्वराची आहे. दुसरे वाक्य उदात्त खरे, पण त्यात एका विशिष्ट विहिरीची काळजी हरवण्याचा धोका असतो. अर्थात हे दोन प्रवाह वेगळे राहिले नाहीत. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ गोपजनांच्या, धनगर-गवळ्यांच्या देवापर्यंत नेऊन दाखवले. सांगोल्याहून जवळच असलेल्या त्या विटेवर माळावरचा देवच उभा आहे, असे म्हणायला त्यामुळे आधार मिळतो.

आता मोठा आक्षेप. हे सगळे गोड आहे, पण या कथांनी अन्याय झाकला नाही का? झाकला, आणि ते सांगोल्याशेजारच्या मंगळवेढ्यातच दिसते. दामाजीपंतांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे: दुष्काळात सरकारी कोठार लोकांना लुटवले आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बिदरच्या दरबारात धान्याची भरपाई केली. देव कथेत महार झाला, पण महारांना त्याच देवाच्या मंदिरात जाता यावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले. शतकांचे हे अंतर कोणत्याही कल्पनेने भरून निघत नाही. पण त्याच मंगळवेढ्याची दुसरी कथा पाहा. गावकुसाचे बांधकाम कोसळले आणि त्याखाली मजुरांबरोबर चोखोबा गेले, १३३८ साली. नामदेवांनी हाडांतून विठ्ठलनाम ऐकून चोखोबांच्या अस्थी ओळखल्या, अशी आख्यायिका आहे. बोलणारी हाडे ही निखळ अद्भुत कल्पना. ती नसती तर वेठीच्या कामावर दगडाखाली मेलेल्या एका महाराचे नाव कोणत्या दप्तरात राहिले असते? राजवटींनी भिंतीचा खर्च नोंदवला असेल, माणसे नोंदवली नसतील. कल्पनेने न्याय दिला नाही, पण गुन्ह्याची जागा पुसू दिली नाही. कलावंताकडून एवढी अपेक्षा मला पुरेशी वाटते. मंदिराचा दरवाजा उघडणे हे चळवळीचे काम आहे आणि ते तिनेच केले.

दुसरा आक्षेप बुद्धिवाद्यांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भाकणूक, अंगात येणे, नवस, मुरळी सोडण्याची जुनी चाल: या वातावरणात शोषण सहज वाढते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा आला, हे विसरून देवऋषींचे कौतुक करणे मला अशक्य आहे. प्रश्न एवढाच की कायद्याला जे नको आहे ते कल्पनेला हवेच असते का? सांगोल्याची साक्ष तसे सांगत नाही. बिरोबाचा भंडारा उधळणाऱ्या याच तालुक्याने मार्क्सवादाची बैठक सांगणाऱ्या शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांना १९६२ ते २०१४ या काळात अकरा वेळा विधानसभेवर पाठवले. पाण्याची मागणी सरकारकडे करायची की मुंडाशाकडे पाहून गप्प बसायचे, याबद्दल मतदारांच्या मनात गोंधळ नव्हता. मुंडासे पाहून आलेली माणसेच पाण्यासाठी मोर्चाला गेली असणार. दोन्ही गोष्टी एका डोक्यात नांदतात, फक्त त्यांची कामे वेगळी असतात.

आणि श्रद्धा नसली तरी ही दृष्टी उरते, याचा पुरावा व्यंकटेश माडगूळकर. माडगूळ्यात १९२७ साली जन्मलेल्या या लेखकाच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरांची वस्ती आहे, कारभारी आहे, तालीम बांधण्याचा उत्साह आहे आणि शेवटी दुष्काळाने रिती झालेली वाडी आहे. चमत्कार एकही नाही. तरी मेंढरे, झाडे, उन्हाचा कस यांना तिथे माणसाइतकेच वजन मिळते. पुढे ‘सत्तांतर’ (१९८२) मध्ये तर माकडांच्या टोळीचे राज्यच कादंबरीचा विषय झाले. श्रीधरांच्या माकडाला मुक्तीसाठी माणूस व्हावे लागले. माडगूळकरांच्या माकडांना माकड राहूनच नायकपण मिळाले. ही नजर त्यांनी ओव्यांतून थेट घेतली असे सिद्ध करता येणार नाही, आणि मी तसे म्हणत नाही. निरीक्षण, भटकंती, पाश्चात्त्य वाचन, चित्रकाराचा हात, सगळ्यांचा वाटा असणार. पण ज्या मुलखात जनावर आणि माळ कथेचे कर्ते असतात तिथे वाढलेल्याला त्यांना दुय्यम मानण्याची सवय लागत नाही, एवढे विधान धाडसाचे होणार नाही.

आजची अडचण वेगळीच आहे. टेंभू योजनेचे पाणी माणदेशात फिरू लागले, डाळिंबाच्या बागांना कुंपणे आली, मेंढरांच्या जुन्या वाटा आखडल्या. ते पाणी लोकांनी लढून मिळवले आहे; ओवी टिकावी म्हणून कोणी कोरडे राहावे असे म्हणणे निर्लज्जपणाचे होईल. नुकसान होते ते दुसरीकडे. महोत्सवात गजी नृत्य येते, ढोल-कैताळ येतात, पांढरे पोशाख आणि पिवळा भंडारा छायाचित्रांत छान दिसतो. मोजक्या मिनिटांत कार्यक्रम बसवायचा म्हणून वगळली जाते ती सपादणी, म्हणजे नेमका तो भाग ज्यात अद्भुताला गाव, वाट आणि कारण मिळते. उरतो तो रंग. असा रंग शहरातला चित्रकार उचलतो, वेब मालिका उचलते, आणि मग बिरोबा हा कुठलाही वनदेव होतो, जसा विकत मिळणाऱ्या टॅरोच्या पत्त्यांवरचा कोणीही. ज्या तरुण कलावंतांना या मुलखाच्या देवांवर काही करायचे आहे त्यांनी सुरुवात ढोलापासून न करता सपादणी सांगणाऱ्या वृद्धांपासून करावी आणि त्यांना पहिल्यांदा वाटांची नावे विचारावीत. त्या वाटांवर आज कालवा लागतो, डाळिंबाची पॅकिंग शेड लागते, पुण्याला गेलेल्या पोराचे बंद घर लागते. ती नावेही ओवीत यायला हवीत, नाहीतर ओवीतला मुलूख आणि पायाखालचा मुलूख दोन होतील.