एका थेंबाचा हक्क

माझ्या ताईचा मुलगा चौदा महिन्यांचा असताना गेला. संध्याकाळी ताप चढला. रात्री अंग पांढरंफटक पडलं. सकाळी दवाखान्यात नेलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. नंतर कागद हातात मिळाला. त्यावर लिहिलं होतं : सिकलसेल, एसएस. म्हणजे आजाराचं नाव आम्हाला मयतासोबत कळलं.

त्याआधी सहा महिने पोराचे हातपाय सुजायचे. रात्ररात्र रडायचा. वस्तीतल्या म्हाताऱ्या म्हणत, बाहेरचं काही असंल. आम्ही बाहेरचं मानत नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांची पोरं आम्ही. पण आतलं काय आहे हे तरी आम्हाला कुठं कोणी सांगितलं होतं?

तेराव्याबिराव्याचा प्रश्न नव्हताच. आठवड्यानं ताई मला म्हणाली, "भाऊ, हे त्याच्या रक्तात जन्मापासूनच होतं ना? मंग जन्मला त्याच दिवशी काऊन नाही सांगतलं?"

मला उत्तर देता आलं नाही. दोस्तहो, हा लेख त्या प्रश्नाचा आहे. तो डाक्टरकीचा प्रश्न आहे असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे.

एक तारीख सांगतो. २५ नोव्हेंबर १९४९. त्या दिवशी बाबासाहेब घटना समितीत शेवटचं मोठं भाषण करत होते. राजकारणात एक माणूस एक मत, एक मत एक मूल्य, आणि समाजात, पोटापाण्यात मात्र विषमता, या विसंगतीत आपण शिरतो आहोत असा इशारा त्यांनी दिला. त्याच तारखेला अमेरिकेत 'सायन्स' या नियतकालिकात लायनस पाउलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांचा लेख छापून आला. सिकलसेलचा दोष रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे त्यात दाखवलं होतं. एकाच दिवशी एका माणसानं समाजाच्या रक्तातला दोष दाखवला, दुसऱ्यानं माणसाच्या. दोन्ही दोष कळून पाऊणशे वर्षं झाली. माझा भाचा या दोन्हींच्या मधे मेला.

आजार कसा चालतो ते थोडक्यात. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही सदोष गुण आले तर मूल एसएस, म्हणजे रोगी. एकच आला तर एएस, म्हणजे वाहक. तो आजारी नसतो. आईबाप दोघंही एएस असतील तर दर खेपेला चारात एक शक्यता. जन्मल्यावर मूल धडधाकट दिसतं, कारण पोटातल्या वेळचं हिमोग्लोबिन त्याला काही महिने सांभाळतं. ते ओसरलं की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरा तुंबतात, पानथरी निकामी होते आणि साधा जंतूही जीव घेतो. म्हणून जे काही करायचं ते त्या शांत महिन्यांत करायचं असतं. टाचेला सुई टोचून टिपकागदावर रक्ताचे थेंब घ्यायचे, एवढीच तपासणी. मूल एसएस निघालं तर रोज पेनिसिलिन. १९८६ साली अमेरिकेत सिद्ध झालं की एवढ्यानं लहान मुलांतला जीवघेणा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो. पेनिसिलिन काही सोन्याचं औषध नाही.

आता अमेरिकेतल्या काळ्या माणसांची गोष्ट ऐका, कारण ती आपलीही आहे. ज्यांच्या नावावरून १९७२ साली आपल्याकडं दलित पँथर उभी राहिली, त्या ब्लॅक पँथरनी १९७१ मध्ये वस्त्यावस्त्यांत सिकलसेलची फुकट तपासणी सुरू केली होती. सरकार बघत नाही तर आम्ही बघू, असा तो बाणा. मी कितीतरी बैठकांना बसलो, पण पँथरचं हे काम मला कोणी सांगितलं नाही. नाव आलं, सुई आली नाही.

पण त्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. काही राज्यांनी फक्त काळ्यांसाठी सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. वाहक आणि रोगी यांतला फरक लोकांना कळला नाही. धडधाकट माणसांच्या नोकऱ्या गेल्या, विमे नाकारले गेले. हवाई दलाच्या अकादमीचं दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होतं. तपासणी झाली आणि तिचा शिक्का झाला. यातून धडा काय निघाला? १९८७ साली तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं, वंश बघू नका, जन्मलेलं प्रत्येक मूल तपासा. २००६ पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांत ते झालं.

माझं म्हणणं इथंच आहे. जात बघून तपासाल तर तो शिक्का होतो. सगळ्यांना तपासाल तर तो हक्क होतो.

आपल्याकडं १ जुलै २०२३ ला शहडोलला केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सात कोटी माणसं तपासायची, वय शून्य ते चाळीस. भर आदिवासी भागांवर. आदिवासी भावांना आधी मिळालं याचं मला दुःख नाही, त्यांचा तो जुना थकलेला हक्क आहे. पण विदर्भात हा आजार आपल्या बौद्ध वस्त्यांत आहे, इतर मागास जातींतही आहे. आणि शिबिरात होते ती साधी तपासणी कोवळ्या बाळाला चालत नाही. त्याला मशीनवरची लागते. महाडचं तळं आठवा. १९२३ ला कायदेमंडळात ठराव झाला, १९२४ ला नगरपालिकेनं तळं खुलं केलं, कागदावर. ओंजळ भरायला १९२७ उजाडावं लागलं. खाजगी दवाखान्यात पैसे मोजले की बाळाचे पन्नासेक आजार एका दमात तपासून मिळतात. तळं तेच आहे, पाणी कोणाला मिळतं बघा.

कोणी म्हणेल, आधी नळाला पाणी आणा, अंगणवाडीला छप्पर आणा. दुर्मीळ आजारांचं काय घेऊन बसलात? असं म्हणणारा बहुतेक वेळा आपलाच कार्यकर्ता असतो. त्याला मी दोन गोष्टी विचारतो. एक, दुर्मीळ कोणासाठी? बंगल्यांच्या रांगेत सिकलसेल दुर्मीळ असेल. माझ्या गल्लीत नाही. दोन, समजा खरंच दुर्मीळ आहे. जन्मतः थायरॉईड कमी असलेलं बाळ आपल्या देशात साधारण हजारात एक. पहिल्या आठवड्यांत कळलं तर रोजच्या एका स्वस्त गोळीवर ते शाळेत जातं. नाही कळलं तर जन्मभर मतिमंद राहतं. ते हजारातलं एक म्हणून सोडून द्यायचं? मग बहुमताच्या हिशोबात आपणही कुठं बसतो? थोड्यांचा हक्क थोडके म्हणून बुडत नाही, हे तर आपण बाबासाहेबांकडून शिकलो.

आता आपलं स्वतःचंही बोलू. मुलीचा रिपोर्ट एएस आला की पाव्हणे चहा तसाच ठेवून उठतात. मुलाचा रिपोर्ट मात्र कोणी मागत नाही. गावानं आपल्याला जे केलं तेच आपण आपल्या पोरीला करतो. रक्तावरून माणूस खालचा ठरवायचा नाही, यासाठीच ना आपण लढलो? मग तपासणीसोबत समजावून सांगणारा माणूस हवा, औषध हवं, कागद गुपित राहायला हवा. नाहीतर नुसतं कळून काय उपयोग?

म्हणून बाळंतपणाच्या प्रत्येक वार्डात जा आणि विचारा : बीसीजी देता, पोलिओ देता, मग टाचेचा थेंब का घेत नाही? घेता, तर औषध देता का? लेखी उत्तर मागा.

ताईला मागल्या वर्षी मुलगी झाली. तिची टाच टोचून घ्यायला आम्ही तीन ठिकाणी हिंडलो. रिपोर्ट आला. काय आला ते मी इथं लिहीत नाही. तो तिचा आहे.

जय भीम.