उपयोग आणि मोल : प्रौढ भगिनींच्या आरोग्याविषयी

ऊसतोडीच्या टोळ्या केज तालुक्यातून निघण्याच्या बेतात असता एका रविवारी उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीतील एक भगिनी आम्हांकडे आली. वय चाळिशीच्या आतबाहेर. तीन लेकरांची आई. ती म्हणाली, "पाळकसाहेब, पिशवी काढून टाकावी म्हणते. लेकरं झाली, तिचं काम सरलं. दर महिन्याचं दुखणं उगा कशाला सोसायचं?" आम्ही तिच्याबरोबर प्रार्थना केली व तिला निरोप दिला. घरी आल्यावर मात्र मनास टोचणी लागली. तिने आम्हांस प्रश्न विचारला होता, आणि आम्ही आशीर्वाद देऊन त्यातून आपली सुटका करून घेतली होती. तो प्रश्न असा : देवाने दिलेल्या देहाच्या एखाद्या भागाचे काम सरले, म्हणजे त्याचे मोलही सरते काय?

हा प्रश्न त्या एकटीचा नव्हे. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीपुढे आपल्या बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर शंभरांत सुमारे सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत सबंध देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमागे हे प्रमाण तीनच्या थोडे वर होते. एवढे अंतर काही रोगामुळे पडत नाही.

मग ते कशामुळे पडते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाची उचल. आणि एक दिवस काम चुकले की खाडा. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरावयाची, आणि कोपीत ना पुरेसे पाणी, ना आडोसा. अशा स्थितीत अंगावरून जाऊ लागले, पोट दुखू लागले, तर स्त्री औषधासाठी थांबणार कशी? तशात कोणी कर्करोगाचे भय घालतो, आणि मग पोटात शस्त्र घालणे हाच स्वस्त व सोपा मार्ग वाटू लागतो. पुढे आपल्या जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांनी अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असा नियम झाला. नियम चांगला आहे. पण नियमाने मनातील हिशेब बदलत नाही.

त्या हिशेबाची पहिली चूक ही की, ते काम सरलेले नसतेच. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस अंडाशये असतात. त्यांतून रक्तात मिसळणारे द्रव्य केवळ संततीसाठी नसून हाडांचे बळ राखावयास व हृदयाच्या रक्षणास साह्य करिते. स्त्रीची पाळी सामान्यतः पंचेचाळीस ते पन्नास वर्षांच्या सुमारास हळूहळू जाते. अंडाशयेही काढून टाकली, तर जो बदल वर्षानुवर्षांत व्हावयाचा तो एका दिवसात अंगावर कोसळतो : अंगाची आग, निद्रानाश, पुढे ठिसूळ हाडे व हृदयविकाराचा वाढता धोका. अंडाशये राखली तरीही पाळी जाण्याच्या खुणा वेळेआधी दिसण्याचा संभव असतोच. ज्या कमरेच्या दुखण्यातून सुटावे म्हणून शस्त्रक्रिया केली, ते दुखणे असे दुसऱ्या वाटेने घरी परत येते.

शस्त्रक्रिया हे पाप आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कर्करोग असेल, मोठी गाठ असेल, अंग फार बाहेर येत असेल, तर तीच जीव वाचविते, आणि तिच्याबद्दल आपण देवाचे उपकार मानावे. पण पांढरे जाणे व अति रक्तस्राव यांवर पुष्कळदा औषधाने गुण येतो. कर्करोगाच्या भयावरही उपाय आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारीच मिळाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ खेडवळ स्त्रियांमध्ये मोठा अभ्यास झाला. गर्भाशयाच्या मुखाशी त्या रोगाचा विषाणू आहे की नाही, हे ज्या गटात एकदाच तपासून पुढील उपचार केले, त्या गटात त्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा भय वाटल्यास आधी तपासणी करावी. शस्त्राचा विचार त्यानंतर.

दुसरी चूक अधिक खोल आहे, आणि ती पाळकाने सांगावयाची आहे. उपयोग सरला की मोल सरले, हे माप आज गर्भाशयास लाविले, तर उद्या ते थकलेल्या गुडघ्यांस, आणि परवा घराच्या कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या आईस लागेल. उपयोगावरून मोल ठरविणे कोयत्यास शोभते. धार गेली की तो टाकून देतात. मनुष्य मात्र देवाच्या प्रतिरूपाचा आहे, आणि ते प्रतिरूप चाळिशीनंतर पुसट होत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानातील ती स्त्री आठवावी. बारा वर्षे रक्तस्राव. अनेक वैद्यांच्या हातून सोसलेले हाल. होते नव्हते ते सर्व खर्च, आणि दुखणे उलट वाढलेले. ती जणू आपल्याच तालुक्यातील आहे! प्रभू त्या वेळी याईर नामक मोठ्या माणसाच्या निकडीच्या कामास निघाला होता. तरी तो वाटेत थांबला, आणि सर्वांदेखत त्याने तिला कन्या म्हटले. तिच्यासाठी काम थांबले. प्रभूने खाडा धरिला नाही. पुढे लूक सांगतो की, अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीस बरे केल्यावर सभास्थानाचा अधिकारी कुरकुरला, तेव्हा प्रभूने त्याला व त्याच्यासारख्यांस बैलाची व गाढवाची आठवण दिली. त्यांस तर तुम्ही शब्बाथ दिवशीही पाण्यावर नेता! ऊसगाडीच्या बैलास आपण वैरण व विसावा देतो. घरच्या लक्ष्मीस तेवढे तरी देतो काय?

म्हणून भगिनींनो, स्वतःच्या देहाची काळजी घेणे हा स्वार्थ आहे, ही समजूत टाकून द्या. सर्वांचे झाल्यावर उरलेल्या कोरक्यावर जेवणे ही भक्ती नव्हे. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, तीळ, जमेल तसे दूध घ्या. रक्त, रक्तदाब व साखर तपासून घ्या. स्तनात गाठ लागली, किंवा पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर लाज धरू नका. त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठा. शस्त्रक्रिया सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्यावाचून अंगठा देऊ नका. बंधूंनो, त्या दिवशी तुम्ही तिच्याबरोबर जा. आणि विहिरीचे पाणी तुम्हीही आणू शकता.

मंडळीचेही कर्तव्य आहे. आपल्या जिल्ह्यालगत जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने गावोगावच्या निरक्षर स्त्रियांस आरोग्याचे शिक्षण दिले. ज्यांस गाव कवडीमोल समजत असे, त्याच स्त्रिया गावच्या आरोग्याच्या रक्षक झाल्या. आपल्या भगिनीमंडळातून अशा दोघी तरी निघणार नाहीत काय?

त्या भगिनीच्या घरी आम्ही चार दिवसांनी गेलो. दाराला कुलूप होते. टोळी निघून गेली होती. पाडवा उलटून टोळ्या परततील, तेव्हा तिला पुन्हा विचारण्याचा आमचा निश्चय आहे. ज्या मंडळ्यांतून टोळ्या जातात, त्यांच्या पाळकांस आमची विनंती आहे की, टोळी निघण्यापूर्वीच्या रविवारी उपासनेनंतर थोडा वेळ या बोलण्यासाठी राखावा. त्या प्रश्नास केवळ आशीर्वाद पुरत नाही, हे आम्ही उशिरा शिकलो. देव आम्हांस क्षमा करो, व आपणांस वेळीच शहाणपण देवो.