पदवी, बुद्धी आणि साक्ष

नोकरी मिळण्यास शिक्षण अधिक उपयोगी की उपजत बुद्धी, हा विषय परप्रांतातील मराठी मंडळांच्या गणेशोत्सवात वक्तृत्वस्पर्धेसाठी इतक्या वेळा येऊन गेला आहे की त्याच्या दोन्ही बाजू आम्हां श्रोत्यांस पाठ झाल्या आहेत. बुद्धीचा कैवार घेणारा मुलगा दासबोधातील पढतमूर्खास साक्षीला बोलावतो. शिक्षणाची बाजू घेणारी मुलगी डॉक्टर आणि इंजिनियर यांची नावे पुढे करते. परीक्षक महाशय दोहोंचा मिलाफ हवा असा निवाडा देतात आणि प्रसादाचे ताट फिरू लागते. पैकी डॉक्टरांविषयी आमचा वाद नाहीच. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलेल्या मनुष्यास सर्जनच्या अंगच्या हुशारीचे कौतुक नसते. तो शिकून आलेला आहे ना, एवढेच त्याला हवे असते. खरा प्रश्न आहे तो आमच्यासारख्यांच्या जागांचा. टिपणे लिहिणे, पत्रांचे मसुदे करणे, हिशेब जुळविणे, जुना दाखला हुडकून काढणे, ही जी कामे कोणत्याही कॉलेजात शिकवीत नाहीत, त्यांच्या दारावर पदवी कशासाठी मागावयाची?

आमची पदवी वनस्पतिशास्त्राची आहे. तालुक्याच्या कॉलेजात आम्ही ती मिळविली आणि तिच्या बळावर दिल्लीच्या एका कचेरीत खर्डेघाशी करीत आहोत. इतक्या वर्षांत एकही पान, फूल वा मूळ आमच्या फाईलीत आलेले नाही. परंतु ती पदवी नसती तर कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेस आम्हांस बसताच आले नसते. पदवी कोणत्या विषयाची असावी, यास बहुतेक जागांसाठी काही बंधन नाही. ती असली म्हणजे झाले. गंमत अशी की त्याच परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात 'सामान्य बुद्धिमत्ता व तर्क' या नावाचा २५ प्रश्नांचा एक स्वतंत्र विभाग असतो. म्हणजे सरकारचा पदवीवर पुरता विश्वास नाही म्हणून ते बुद्धी तपासते, आणि बुद्धीच्या तपासणीवरही पुरता विश्वास नाही म्हणून आधी पदवी मागते. शिक्षण आणि बुद्धी यांचा हा वाद सरकारने सोडविलेला नाही. दोघांकडूनही जामीन लिहून घेतला आहे.

आता, पदवी नव्हती तेव्हा माणसे कशी नेमली जात? आपल्या भाषेने याचे उत्तर एका शब्दात जपून ठेवले आहे. 'उमेदवार' म्हणजे आज निवडणुकीला किंवा परीक्षेला उभा राहिलेला मनुष्य. जुन्या कचेरीत उमेदवार म्हणजे नोकरीच्या आशेने तेथे येऊन बसणारा तरुण. कोणा काकाच्या किंवा मामाच्या मागोमाग तो यावयाचा, मोडी अक्षर वळवावयाचा, बिनपगारी नकला करावयाचा आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहावयाचा. ही पद्धत वाईट होती असे म्हणवत नाही. ज्या कामासाठी नेमावयाचे तेच काम करवून पाहण्याइतकी चोख परीक्षा दुसरी नाही. मुलगा चलाख की मठ्ठ हे वर्षभरात सर्वांस कळून चुके. पण उमेदवारी करावयास त्या कचेरीच्या ओटीवर प्रथम बसू कोण देणार? ज्याचा काका आत आहे त्याला. ज्याचा काका शेतावर राबतो आहे, त्याच्या मुलाची चलाखी पाहण्यास तेथे कोणीच नव्हते.

साहेबाच्या घरीही हाच प्रकार होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी सेवेत कोणी जावे हे कंपनीचे डायरेक्टर ठरवीत. त्यांच्या शिफारशीने मुलगा हेलीबरीच्या कॉलेजात जाई आणि तेथून हिंदुस्थानात येई. १८५३ च्या कायद्याने ही मिरासदारी मोडली. १८५४ साली मेकॉलेच्या समितीने खुल्या स्पर्धापरीक्षेची योजना मांडली आणि १८५५ मध्ये पहिली परीक्षा झाली. आठ वर्षांनी, १८६३ साली, सत्येंद्रनाथ टागोर हे तीत उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. परीक्षेने दार सर्वांस उघडले, हे खरे. पण ते दार लंडनमध्ये ठेवले होते आणि १९२२ पर्यंत तेथेच राहिले. परीक्षा निःपक्षपाती असली तरी परीक्षेपर्यंत पोहोचण्याचा रस्ता निःपक्षपाती असतोच असे नाही. आमच्या मते हेच पदवीविषयीही खरे आहे.

बुद्धीचे कैवारी येथे श्रीनिवास रामानुजन यांचे नाव घेतात, आणि ते घेण्याजोगेच आहे. गणिताखेरीज इतर विषयांकडे लक्ष नसल्याने एफ.ए. ची परीक्षा ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. १९१२ च्या मार्चमध्ये मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर ते कारकून म्हणून लागले. म्हणजे ते आमचे जातभाईच. आम्ही कारकून मंडळी हा अभिमान बाळगतो, आणि बाळगू द्यावा. पण ही नेमणूक बुद्धीने मिळविली काय? अर्जासोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका युरोपियन प्राध्यापकाचे शिफारसपत्र होते. कचेरीतील वरिष्ठ नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार होते. गणित जाणणारा मनुष्य नेमका त्या खुर्चीवर बसला होता, म्हणून गणिती दिसला. पुढे १९१३ साली मद्रास विद्यापीठाने दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, तीही बड्या लोकांनी रदबदली केल्यामुळे. रामानुजनांच्या बुद्धीस जगात तोड नव्हती. तिलासुद्धा साक्षीदार लागले. मग ज्याची बुद्धी चारचौघांपेक्षा केवळ थोडी अधिक आहे, अशा माणसाची साक्ष कोणी काढावी?

आम्हांस असे वाटते की वाद शिक्षण विरुद्ध बुद्धी असा नाहीच. नोकरी देणारा मनुष्य बुद्धी पाहूच शकत नाही. कोणीतरी तिची साक्ष दिली म्हणजे तो ती मानतो. ती साक्ष ओळखीच्या माणसाने द्यावी की अनोळखी संस्थेने, एवढाच प्रश्न असतो. पदवी ही अनोळखी माणसाने अनोळखी माणसाविषयी दिलेली साक्ष आहे. म्हणून ती कोरडी आहे, ढोबळ आहे, पुष्कळदा खोटीही आहे. पण ती मागताना कोणाची वंशावळ विचारीत नाहीत. आम्ही गाव सोडून दिल्लीस आलो तेव्हा येथे आमच्या वडिलांस ओळखणारे एकही माणूस नव्हते. मुलाखतीच्या खोलीत आम्हांस कोणी पाहिले असते तर आमच्या मराठी वळणाच्या हिंदीवरूनच आमची बुद्धी मापली गेली असती. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या कनिष्ठ जागांच्या मुलाखती बंद झाल्या आहेत. मुलाखतीत माणसाचे तेज दिसते असे त्या काळी अनेक वरिष्ठ हळहळून म्हणाले. तेज दिसत असेलही. पण पाहणाऱ्यास आपल्याच आरशातले तेज अधिक स्पष्ट दिसते, असा अनुभव ज्यांना आहे त्यांना फारशी हळहळ वाटली नाही.

याहून कठोर उदाहरण बडोद्याचे आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली करारानुसार बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. कचेरीतील शिपाई विटाळ नको म्हणून त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. शहरात राहावयास जागा मिळेना. शेवटी ते मुंबईस परत आले. कोलंबिया आणि लंडन येथील विद्येपुढेही ज्यांना समोरच्या माणसाची योग्यता दिसली नाही, त्यांच्या हाती 'केवळ उपजत बुद्धी पाहून नेमा' असा अधिकार दिला असता तर त्यांनी कोणास नेमले असते? आणि १९१८ साली मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा बाबासाहेबांना मिळाली, तिच्यामागे कोणा काकामामाचे वजन नव्हते. ज्ञान होते आणि त्याची साक्ष देणारा कागद होता. ज्याची बुद्धी न पाहण्याचा समाजाने निश्चयच केला आहे, त्याला कागदाचाच आधार असतो. पदवीची भेंडोळी म्हणून थट्टा करणारे बहुधा ते लोक असतात ज्यांच्या घरी ती भेंडोळी दोन-तीन पिढ्या भिंतीवर टांगलेली आहेत.

इथपर्यंत आम्ही पदवीचे वकील झालो. पण आमच्या शाखेत एक वृद्ध शिपाई आहे, आणि त्याच्यासमोर हे वकीलपत्र चालविणे आम्हांस जड जाते. तो गढवालकडचा. नोकरीस लागला तेव्हा आठवी उत्तीर्ण असणे पुरेसे होते. सहाव्या वेतन आयोगानंतर त्याच जागेस दहावी लागू लागली आणि जागेचे नावही मोठे झाले. पंचवीस वर्षांपूर्वीचा एखादा दाखला हवा असला तर नवे पदवीधर संगणकात शोधतात आणि तो कपाटाकडे चालू लागतो. आधी कोण पोहोचतो हे सांगावयास नको. कोणत्या प्रकरणात वित्त विभाग काय शंका काढील हे तो आम्हांस मसुदा लिहिण्यापूर्वीच सांगतो. आम्ही रुजू झालो तेव्हा टिपणाची भाषा आम्ही त्याच्याकडून शिकलो. एकदा आम्ही त्याच्या स्मरणशक्तीची तारीफ केली तेव्हा तो म्हणाला, "बाबूजी, कागद ज्याने ठेवला त्यालाच आठवणार. त्यात हुशारी कसली?" कारकुनाच्या जागेसाठी खात्याअंतर्गत परीक्षा असते, तिला बारावीची अट आहे. ती अट त्याला कधीच ओलांडता आली नाही. त्याच्या घरी चौदा वर्षांच्या मुलास शिकत ठेवण्याइतके धान्य नव्हते, एवढेच त्याच्या बुद्धीविषयी ती अट सांगते.

पदवीची साक्ष येथे खोटी पडते. ती निःपक्षपाती आहे खरी, पण तिला उत्तर विचारलेल्या प्रश्नाचे येत नाही. आम्ही विचारतो, हा मनुष्य काम करील काय? ती सांगते, याच्या घरच्यांना तीन वर्षे याच्या कमाईवाचून चालले. विलायतेत आणि अमेरिकेत याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. १९९८ साली श्मिट आणि हंटर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात शिक्षणाच्या वर्षांवरून नोकरीतील कामाचा अंदाज फारच थोडा बांधता येतो असे आढळले. बुद्धीच्या चाचण्यांवरून पुष्कळ अधिक. पुढे २०२२ साली दुसऱ्या संशोधकांनी चाचण्यांचे हे श्रेय बरेच खाली आणले, पण शिक्षणाच्या वर्षांना वर चढविणारा कोणी भेटला नाही.

मग अट टिकते कशाने? याचे उत्तर आस्थापना शाखेत बसलेला कोणीही सांगेल: गर्दी. २०१५ साली उत्तर प्रदेश सचिवालयात शिपायांच्या ३६८ जागा निघाल्या. पाचवी उत्तीर्ण असावे आणि सायकल चालविता यावी, एवढीच अपेक्षा. अर्ज आले २३ लाखांवर, त्यांत पीएच.डी. झालेलेही होते. अशा गर्दीपुढे चाळणी लागते, आणि पदवी ही फुकट मिळणारी चाळणी आहे. ती फिरविण्यास सरकारला खर्च नाही. खर्च उमेदवाराच्या बापाने आधीच केलेला असतो. चाळणी उलटीही फिरते. एका राष्ट्रीयीकृत बँकेने शिपायाच्या जागेसाठी बारावी उत्तीर्ण हवा पण पदवीधर नको अशी अट घातली होती. एका तरुणाने आपली पदवी लपवून ती जागा मिळविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२० च्या नोव्हेंबरात निकाल बँकेच्या बाजूने लागला. पात्रता ठरविणे हा नोकरी देणाराचा अधिकार आहे, आणि माहिती दडविणाऱ्यास त्या नोकरीवर हक्क सांगता येत नाही. कायद्याने तो निकाल बरोबरच आहे. पण मिळविलेली विद्या चोरीच्या मालासारखी दडवावी लागते, तेव्हा ती अट योग्यतेची राहिलेली नसते. कोणत्या पायरीवर कोणी बसावे याची ती पंगत झालेली असते.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात निवडक क्षेत्रांत पदवी आणि नोकरी यांची फारकत करावी असे स्पष्ट म्हटले होते. त्यानंतर आमच्यासारखे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ सचिवालयांत येऊन बसले. आमची सूचना फार मोठी नाही. परीक्षा राहू द्यावी. किंबहुना तिच्यावाचून काकामामांचे राज्य परत येईल. कारकुनी जागांपुरती पदवीची अट तेवढी काढावी, आणि खात्यातील जुन्या नोकरांस बारावीची अट न लावता त्याच परीक्षेस बसू द्यावे. प्रश्न कामाचेच असावेत. एका अडलेल्या प्रकरणाचे वीस कागद उलटसुलट क्रमाने हाती द्यावेत आणि तासाभरात त्यांवर टिपण मागावे. लाखो टिपणे तपासणे महाग पडेल असा आक्षेप येईल. पडेल; आज तो खर्च कोण सोसतो आहे हे वर आलेच आहे. टिपण तपासणाऱ्यास लिहिणाऱ्याचे नाव कळू नये, आणि तो कितवीपर्यंत शिकला हेही कळू नये.