हा मी मारला!



आजचा श्लोक गीतेच्या १६व्या अध्यायातला, १४वा. आसुरी वृत्तीचा माणूस म्हणतो, हा शत्रू मी मारला, बाकीच्यांनाही मारीन. नीट बघा, यात भूक कुठेच नाही. आहे तो फक्त 'मी'.

शेलूबाजारकडचा शेतकरी रात्र रात्र जागलीला जातो, रानडुकरं-रोही हाकलतो. पीक वाचलं की त्याचं काम झालं. मग वाघ-अस्वलामागे हौसेनं जाणाऱ्याला काय हवं असतं? वाघ तर कुणी खायला मारत नाही. हिंमत लागते, हे खरं. पण ससा मारून ती मिरवता येत नाही ना! म्हणून जीव मोठाच लागतो. त्याची ताकद आपल्या नावावर करायची असते.

एप्रिल १८१९. जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागावर निघाला आणि अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोचला. १०व्या लेण्यात त्यानं काय केलं? चित्रावर स्वतःचं नाव कोरलं! ज्यांनी ती चित्रं काढली, त्यांची नावं मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

आज वाघ-अस्वलाची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पण 'मी'वर कुठला कायदा? ऑफिसात, रील्सवर आपणही मोठ्याला पाडून मोठं व्हायला बघतोच की.

आज कुणाला हरवून आनंद झाला, तर क्षणभर थांबा. विचारा, यात माझी गरज किती आणि 'मी' किती? नाव कोरायचं की नाम घ्यायचं, ते मग आपोआप कळेल.